पिस्तूल नेमबाजी, दूर अंतरावरील

पिस्तुलाने निश्चित अंतरावरील लक्ष्याचा अचूक वेध घेण्याचे तंत्र व त्यावर आधारलेला क्रीडाप्रकार. पिस्तुलाची नळी आखूड असते, त्याला खांद्याचा आधार मिळत नाही आणि क्रीडास्पर्धांत ते एकाच हाताने, हात पूर्ण लांबवून धरावे लागते. त्यामुळे रायफलीच्या मानाने पिस्तुलाचा नेम साधणे पुष्कळच अवघड असते. ‘दूर’ हा शब्द येथे सापेक्ष आहे. रायफलीच्या दृष्टीने ५० मी. हे मध्यम अंतर होय. पिस्तुलाच्या मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मात्र तेच सर्वांत लांबचे अंतर ठरते. याहून दूरच्या लक्ष्यांवर पिस्तूल चालविण्याचे प्रकारही आहेत. उदा., मेक्सिकोत उगम पावलेल्या व अमेरिकेत रुजलेल्या धातुप्रतिमा नेमबाजीत कोंबडी, डुक्कर, टर्की व मेंढा यांच्या पोलादी आकृत्या अनुक्रमे ५०, १००, १५० व २०० मी. अंतरांवर ठेवून पाडल्या जातात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः २५ व ५० मी. अंतरांवरील स्पर्धात्मक नेमबाजीचा विचार केला आहे [⟶ नेमबाजी].

इतिहास : अथेन्स येथील १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिक सामन्यांत पिस्तूल नेमबाजीचा समावेश होता. ५० मी. पिस्तूल हा प्रकार काही खंड वगळता २०१६ च्या रीओ दे जानेरो येथील सामन्यांपर्यंत ऑलिंपिकमध्ये टिकून राहिला. त्यानंतर १० मी. हवाई पिस्तुलाच्या मिश्र सांघिक स्पर्धेस जागा देण्यासाठी तो वगळण्यात आला. महिलांची २५ मी. पिस्तूल स्पर्धा १९८४ (लॉस अँजेल्स) पासून आणि १० मी. हवाई पिस्तूल स्पर्धा १९८८ (सेऊल) पासून ऑलिंपिकमध्ये आहेत. ५० मी. प्रकारातील साठ फैरींच्या फेरीत सोव्हिएट संघाच्या अलेक्सांद्र मेलेंत्येव्ह याने १९८० मध्ये मॉस्को येथे ६०० पैकी ५८१ गुण मिळविले होते. हा विक्रम ३४ वर्षे अबाधित राहिला व २०१४ मध्ये ग्रानाडा येथील जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या जिन जाँग-ओ याने ५८३ गुण मिळवून तो मोडला. या दीर्घ काळात पिस्तुले, काडतुसे व लक्ष्ययंत्रणा यांत मोठ्या सुधारणा झाल्या; तरी गुणसंख्येत केवळ दोनांची भर पडली. दूर अंतरावरील अचूकतेत साधनांचा वाटा किती आणि माणसाच्या तंत्राचा वाटा किती, याची कल्पना या आकड्यांवरून येते.

लक्ष्ये व अंतरे : २५ मी. वरील अचूकता-फेरीसाठी व ५० मी. साठी एकच लक्ष्य वापरतात. त्याच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ५० मिमी. व मधल्या काळ्या भागाचा व्यास २०० मिमी. असतो. हवाई पिस्तुलाच्या १० मी. वरील लक्ष्यात दहाचे वर्तुळ ११.५ मिमी. व काळा भाग ५९.५ मिमी. व्यासाचा असतो. गोळीचे छिद्र वरच्या वर्तुळाच्या रेषेस नुसते स्पर्श करीत असले, तरी वरचेच गुण दिले जातात. नेमबाजाच्या डोळ्यापाशी होणाऱ्या कोनाच्या हिशेबाने १० मी. वरील दहाचे वर्तुळ व ५० मी. वरील दहाचे वर्तुळ जवळजवळ सारख्याच आकाराची आहेत, २५ मी. वरील वर्तुळ त्यांच्या दुप्पट दिसते. म्हणून हवाई पिस्तुलाचा १० मी. वरील सराव हा दूर अंतराच्या नेमबाजीचा खरा पाया समजला जातो. व्यवहारतःही तोच सोयीचा असतो. दहा मीटरचा पट्टा एखाद्या शाळेच्या सभागृहात किंवा, वाळूज औद्योगिक क्षेत्रालगतच्या बजाजनगरसारख्या दाट कामगार-वसाहतीत, एखाद्या बंदिस्त दालनातही मांडता येतो. आग्न्यास्त्र पिस्तुलाच्या पट्ट्याला मात्र मोकळी जागा, गोळी अडविणारा भक्कम बांध, बाजूच्या भिंती व रीतसर परवानगी या सर्वांची आवश्यकता असते.

महिलांच्या २५ मी. स्पर्धेत तीस फैरी अचूकता-फेरीत व तीस शीघ्र-फेरीत झाडतात. अचूकता-फेरीत पाच फैरींच्या मालिकेस पाच मिनिटे मिळतात. शीघ्र-फेरीत लक्ष्य दर वेळी फक्त ३ से. समोर असते व मधे ७ से. विश्रांती असते, प्रत्येक फैरीपूर्वी हात खाली, उभ्या रेषेपासून ४५ अंशांच्या आत ठेवावा लागतो.

चुकीचे गणित : पिस्तुलाच्या पुढच्या टोकावरील उभ्या पात्यास ‘माशी’ व मागील पट्टीतील चौकोनी फटीस ‘खाच’ म्हणतात. माशी खाचेच्या बरोबर मध्यभागी व दोहोंची वरची कड एका पातळीत आली, म्हणजे पिस्तुलाची नेमरेषा जुळली असे समजतात. माशी व खाच यांतील अंतर नियमानुसार २५ मी. च्या पिस्तुलात २२० मिमी. पेक्षा अधिक असू शकत नाही. हे अंतर २२० मिमी. धरल्यास, माशी खाचेच्या मध्यापासून केवळ ०.१ मिमी. सरकली, तर गोळी २५ मी. वर सु. ११ मिमी. व ५० मी. वर सु. २३ मिमी. बाजूला जाते. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या २५ मिमी. असल्याने ५० मी. वर माणसाच्या केसाएवढ्या जाडीच्या चुकीने सबंध दहाचे वर्तुळ खर्ची पडते.

हाताच्या डुलण्याने होणारी चूक निराळ्या स्वरूपाची असते. माशी व खाच एकमेकींशी जुळलेल्याच राहिल्या आणि सबंध हात किंचित हलला, तर नेमरेषा डोळ्याभोवती फिरते. डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर सु. ९० सेंमी. असते. त्यामुळे माशी १ मिमी. हलली असता गोळी २५ मी. वर सु. २८ मिमी. सरकते, तीच १ मिमी. चूक माशी व खाच यांच्या आपसांतील जुळणीत झाली, तर गोळी सु. ११४ मिमी. दूर जाते. म्हणजे जुळणीतील चूक हाताच्या थरथरीपेक्षा चौपट महाग पडते. नवशिक्याला याच्या उलट अनुभव येतो : हाताची थरथर त्याला डोळ्यांनी दिसते, म्हणून तो तिच्याशी झगडतो, जुळणीतील बारीक चूक दिसत नाही, म्हणून ती तशीच राहते. अंतर ही नवी चूक निर्माण करीत नाही. जवळच्या लक्ष्यावर लपून राहिलेली चूक ते मोठी करून दाखविते. दूर अंतरावरील पिस्तूल-नेमबाजीचे बहुतेक सर्व तंत्र या एका तत्त्वातून निघते.

गुरुत्वाकर्षणामुळे होणारी गोळीची घसरण ही त्यामानाने सुलभ बाब होय. गोळीचा वेग सेकंदाला सु. २८० मी. धरल्यास २५ मी. पर्यंत ती सु. ४ सेंमी. व ५० मी. पर्यंत सु. १६ सेंमी. खाली येते, हवेच्या रोधामुळे प्रत्यक्षात थोडी अधिक. परंतु ही घसरण प्रत्येक फैरीस जवळजवळ सारखीच असल्याने मागील खाच वर सरकवून ती एकदाच भरून काढता येते. नेमबाजाचा खरा प्रश्न दर फैरीस बदलणाऱ्या चुकांचा असतो.

तंत्र : (१) पवित्रा : पायांत साधारणपणे खांद्यांच्या रुंदीइतके अंतर ठेवून, गुडघे न ताठरता, शरीराचा भार दोन्ही पायांवर सारखा घेतात. मोकळा हात खिशात किंवा कंबरपट्ट्यात अडकवितात, म्हणजे तो डुलत नाही. योग्य दिशा ठरविण्यासाठी पिस्तूल उचलून डोळे मिटावे, थोडे थांबावे व मग उघडावे. माशी लक्ष्याच्या डावीउजवीकडे गेलेली आढळल्यास मनगट किंवा खांदा वळवून ती आणू नये, तर मागचे पाऊल सरकवून सर्व शरीर वळवावे. स्नायूंच्या जोराने आणलेला नेम चाप दाबण्याच्या क्षणी मूळ जागी परततो.

(२) पकड : मूठ हाताच्या पंजात खोल बसवून नळीचा अक्ष मनगटाच्या व अग्रबाहूच्या रेषेत आणतात. पकडीचा जोर मधल्या व अनामिका या बोटांनी मागील दिशेने द्यावा. अंगठा व करंगळी यांनी तो देऊ नये. जोर किती असावा यापेक्षा तो प्रत्येक फैरीस सारखाच असावा, हे महत्त्वाचे. मनगट कुलूप घातल्याप्रमाणे स्थिर राहिले पाहिजे, कारण माशी व खाच यांची जुळणी बिघडविणारा पहिला सांधा तोच होय.

(३) नेम : डोळ्याला माशी व लक्ष्य ही दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसू शकत नाहीत. वर दिलेल्या गणितावरून कोणती स्पष्ट असावी हे उघड होते : नजर माशीच्या वरच्या कडेवर खिळवावी व लक्ष्याचा काळा भाग अंधुक राहू द्यावा. अंतर वाढले की लक्ष्याकडे पाहण्याचा मोह वाढतो आणि याच मोहापायी ५० मी. वरील बहुसंख्य गोळ्या वाया जातात. बहुतेक नेमबाज माशी काळ्या वर्तुळाच्या मध्यावर न धरता त्याच्या खाली पांढऱ्या भागात, थोडी फट ठेवून धरतात. काळ्यावर काळी माशी हरवते. पांढऱ्यावर तिची कड ठळक दिसते. हा नेम बिंदूवर नसून एका लहान क्षेत्रावर असतो. हात त्या क्षेत्रात फिरत राहणारच, हे गृहीत धरून चालावे लागते.

(४) श्वास : हात लक्ष्याच्या वर नेताना श्वास घ्यावा, खाली आणताना निम्माअधिक सोडावा आणि मग सहज थांबवावा. हात स्थिरावल्यानंतरचे काही सेकंद उत्तम असतात. त्यानंतर स्नायू थकतात व नजरही शिणते. सु. ८ ते १० सेकंदांत फैर सुटली नाही, तर हात खाली घेऊन पुन्हा आरंभ करणे इष्ट ठरते. हात खाली घेण्याचा निग्रह ही अनुभवी नेमबाजाची एक ओळखच समजली जाते.

(५) चाप : चाप तर्जनीच्या पहिल्या पेराच्या मध्याने, सरळ मागे, अखंड वाढत्या दाबाने ओढावा लागतो. त्या वेळी पंजाच्या इतर बोटांचा दाब बदलता कामा नये. माशी लक्ष्याखाली नेमकी आली असे वाटताच चाप झटक्याने ओढण्याची प्रवृत्ती हा या खेळातील सर्वांत सामान्य दोष होय. हाताच्या डुलण्याने जे नुकसान झाले असते, त्याच्या कितीतरी पट नुकसान त्या झटक्याने होते. त्याचाच दुसरा प्रकार म्हणजे आवाज व धक्का यांच्या अपेक्षेने मनगट आधीच खाली दाबणे किंवा डोळे मिटणे. फैर नेमकी कोणत्या क्षणी सुटेल हे मनाने न ठरविता, नजर माशीवर ठेवून दाब वाढवीत राहणे, हा यावरील उपाय होय.

(६) फैरीनंतरची स्थिरता : चाप सुटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत सेकंदाचे काही हजारांश भाग जातात. हवाई पिस्तुलात छर्ऱ्याचा वेग कमी असल्यामुळे हा काळ अधिक असतो. त्यामुळे फैरीनंतरही एकदोन सेकंद नेम, पकड व नजर तशीच राखावी लागते. फैर सुटताना माशी कोठे होती हे नेमबाजाला लक्ष्य न पाहता सांगता आले, तर त्याचे तंत्र योग्य मार्गावर आहे असे समजतात.

साधने : साधन निवडताना ते नेमबाजाच्या चुका वाढविते की कमी करते, हाच निकष असावा. चांगले स्पर्धा-पिस्तूल यंत्रशाळेतील शेगड्यात घट्ट पकडून अनुरूप काडतुसांनी झाडल्यास ५० मी. वरही गोळ्या दहाच्या वर्तुळात सहज मावतात. म्हणजे हात व पिस्तूल या जोडीतील कच्चा दुवा बहुधा हात असतो.

मूठ ही सर्वांत महत्त्वाची बाब आहे. स्पर्धा-पिस्तुलांच्या मुठी सामान्यतः अक्रोडाच्या किंवा तत्सम लाकडाच्या असून त्या हाताच्या मापाप्रमाणे तासून, आवश्यक तेथे लुकण भरून घेतात. तळाशी सरकती फळी असते व तिच्यावर पंजाची कड टेकते. पिस्तूल दर वेळी हातात सारखेच बसावे, हा तिचा हेतू असतो. ५० मी. च्या पिस्तुलात मूठ पंजाभोवती जवळजवळ वेढून घेण्याची मुभा आहे, तथापि मनगटास तिचा आधार मिळता कामा नये. वजनाच्या कमाल मर्यादा हवाई पिस्तुलास १,५०० ग्रॅ. व २५ मी. च्या पिस्तुलास १,४०० ग्रॅ. अशा आहेत. पुढच्या टोकाकडे थोडे वजन असले तर डुलणे मंदावते. फार झाले तर मालिकेच्या अखेरीस खांदा गळतो.

चापाचा किमान भार हवाई पिस्तुलास ५०० ग्रॅ. व २५ मी. च्या पिस्तुलास १,००० ग्रॅ. ठरविलेला आहे, ५० मी. च्या पिस्तुलास अशी मर्यादा नसल्याने त्याचा चाप अतिशय हलका ठेवता येतो. हलका चाप नवशिक्यास मोहवितो, परंतु बोट स्पर्श करताच सुटणारी फैर त्याच्या हाताबाहेर जाते. चाप एकसारखा, स्वच्छ व निश्चित बिंदूवर सुटणारा असणे हे तो हलका असण्यापेक्षा महत्त्वाचे असते. यंत्रणा विश्वासार्ह असणे हेही तितकेच महत्त्वाचे. टोकिओ येथील ऑलिंपिक सामन्यांत (२०२१) १० मी. च्या पात्रता-फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड होऊन तिची मोलाची मिनिटे वाया गेली व थोडक्या गुणांनी तिची अंतिम फेरी हुकली. २०२४ मध्ये पॅरिस येथे याच प्रकारात तिने कांस्यपदक मिळविले.

माशीची रुंदीही अंतरानुसार निवडावी लागते. ५० मी. वरील २०० मिमी. चा काळा भाग ९० सेंमी. वर सु. ३.६ मिमी. रुंद वस्तूएवढा दिसतो. माशी साधारण तेवढीच किंवा किंचित रुंद असावी आणि खाचेत तिच्या दोन्ही बाजूंस प्रकाशाच्या समान, स्पष्ट पट्ट्या दिसाव्यात. पट्ट्या फार बारीक असल्यास डोळा शिणतो, फार रुंद असल्यास जुळणी ढिली होते. दुर्बीण किंवा प्रकाशबिंदू-दर्शक या स्पर्धांत वर्ज्य आहेत. चष्म्याचे भिंग मात्र वापरता येते. ते दूरच्या लक्ष्यासाठी न घेता माशीच्या अंतरासाठी नेत्रतज्ञाकडून जुळवून घ्यावे लागते. मध्यमवयीन नेमबाजांच्या बाबतीत एवढ्या एका बदलानेही पुष्कळ सुधारणा होऊ शकते. दुसरा डोळा मिटल्याने चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात, म्हणून तो उघडा ठेवून त्याच्यापुढे लहानशी झापड लावतात.

२५ व ५० मी. साठी ५.६ मिमी. व्यासाची कडेवर आघात होणारी काडतुसे (‘पॉइंट टू टू लाँग रायफल’) वापरतात. अधिक वेगाची काडतुसे दूर अंतरावर अधिक अचूक असतील, हा समज चुकीचा आहे. ध्वनीच्या वेगापेक्षा (सेकंदाला सु. ३४० मी.) जलद निघालेली गोळी मंदावत त्या वेगाखाली येताना डळमळते, म्हणून स्पर्धेची काडतुसे मुद्दाम त्याहून कमी वेगाची बनवितात. त्यांचा धक्काही सौम्य असतो. एकाच कारखान्याच्या निरनिराळ्या खेपांतही फरक असतो. त्यामुळे वरच्या दर्जाचे नेमबाज आपल्या नळीस मानवणारी खेप चाचणी घेऊन निवडतात व तिचाच साठा करतात. उघड्या पट्ट्यावर वारा, बदलता प्रकाश व उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या झळा यांचाही परिणाम होतो. वाऱ्याच्या अंदाजासाठी पट्ट्यावर लहान निशाणे लावतात.

साधनांची मर्यादा दाखविणारे उदाहरण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये घडले. तुर्कस्तानचा युसूफ दिकेच हा विशेष भिंगे किंवा झापड न लावता, साधा चष्मा घालून व एक हात खिशात ठेवून उभा राहिला आणि शेव्हाल इलायदा तार्हान हिच्यासह त्याने मिश्र सांघिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. तथापि त्याच्या हातातील पिस्तूल उत्तम प्रतीचे स्पर्धा-पिस्तूलच होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

सराव व दोषनिदान : काडतुसाविना चाप ओढण्याचा ‘कोरडा सराव’ हा सर्वांत स्वस्त व सर्वांत फलदायी सराव होय. आवाज व धक्का नसल्यामुळे चाप सुटताना माशी कशी हलते ते त्यात स्पष्ट दिसते. कोऱ्या पांढऱ्या कागदासमोर, लक्ष्य नसताना, तो केल्यास नजर आपोआप माशीवर राहते. गोळ्यांच्या ठशांच्या मांडणीवरूनही दोष ओळखता येतात. ठसे आडवे पसरले असतील तर बोटाचा तिरपा दाब किंवा चुकीचा पवित्रा, उभे पसरले असतील तर श्वास, मनगटाची शिथिलता किंवा लक्ष्याकडे धावणारी नजर यांचा संशय घ्यावा. ठसे एकत्र पण मध्यापासून दूर असतील, तरच खाचेचे स्क्रू फिरवावेत. विखुरलेल्या ठशांवरून दर फैरीस खाच फिरविणे म्हणजे एका चुकीवर दुसरी चढविणे होय. नव्या नेमबाजाने १० मी. वर ठसे एकत्र येऊ लागल्यावर २५ मी. वर जावे, हा क्रम हितावह ठरतो.

मनाची स्थिरता हाही तंत्राचाच भाग समजला जातो. हृदयाची धडधड कमी करणारी बीटा-रोधक औषधे नेमबाजीत निषिद्ध आहेत; २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अशा औषधाच्या सेवनामुळे ५० मी. पिस्तुलातील रौप्यपदक काढून घेण्यात आले होते. चिकाटीने कौशल्य नव्याने घडविता येते, याचे ठळक उदाहरण म्हणजे हंगेरीचा कारोय टाकाच. लष्करी सरावात १९३८ मध्ये हातबाँबच्या स्फोटाने त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने डाव्या हाताने नेमबाजी शिकून १९४८ व १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये शीघ्र पिस्तूल प्रकारात सुवर्णपदके मिळविली.

भारत व महाराष्ट्र : भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे संस्थापक-अध्यक्ष होत. त्यांच्या नावाने भरणाऱ्या अखिल भारतीय स्पर्धेतून राष्ट्रीय स्पर्धेसाठी नेमबाज निवडले जातात. २५ मी. शीघ्र पिस्तूल प्रकारात विजय कुमार याने २०१२ मध्ये लंडन येथे ऑलिंपिक रौप्यपदक, तर ५० मी. प्रकारात जितू राय याने २०१४ मध्ये ग्लासगो येथील राष्ट्रकुल व इंचॉन येथील आशियाई सामन्यांत सुवर्णपदके मिळविली. ५० मी. प्रकारात ओमप्रकाश मिठरवाल हा २०१८ मध्ये जगज्जेता झाला.

महाराष्ट्राच्या अशोक पंडित यांनी १९९० मध्ये ऑकलंड येथील राष्ट्रकुल सामन्यांत सेंटर-फायर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. रौनक पंडित याने २००६ मध्ये मेलबर्न येथे समरेश जंग याच्यासह प्रमाण पिस्तुलाच्या जोडी-प्रकारात सुवर्णपदक पटकाविले. पुण्याजवळील बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा सामने झाले. दिल्ली येथील राष्ट्रकुल सामन्यांत (२०१०) महिलांच्या २५ मी. पिस्तुलात अनिसा सय्यद हिने सुवर्ण व कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने रौप्यपदक मिळविले. जोडी-प्रकारात दोघींनी मिळून सुवर्णपदक जिंकले.

राही सरनोबतची कारकीर्द या नोंदीतील विवेचनाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. २०१३ मध्ये चांगवन येथील विश्वचषक स्पर्धेत व २०१४ मध्ये ग्लासगो येथे तिने सुवर्णपदके मिळविली. त्यानंतर कोपराच्या दुखापतीने तिच्या खेळात खंड पडला. पिस्तूल लांब हाताने पेलणाऱ्या खेळाडूच्या दृष्टीने ही दुखापत कारकीर्द संपविणारी ठरू शकते. पुढे दोन ऑलिंपिक कांस्यपदके मिळविलेल्या, मूळच्या मंगोलियाच्या व नंतर जर्मनीकडून खेळलेल्या मुंखबायर दोर्जसुरेन हिच्या मार्गदर्शनाखाली तिने आपले तंत्र पुन्हा बसविले. जाकार्ता-पालेंबांग आशियाई सामन्यांच्या (२०१८) अंतिम फेरीत केवळ १०.२ व त्यावरील वेधच गुणास पात्र होते. पन्नास फैरींनंतर राही व थायलंडची नफसवान यांगपैबून यांचे प्रत्येकी ३४ गुण झाले. पहिल्या निर्णायक मालिकेतही बरोबरी झाली. दुसऱ्या मालिकेत एका वेधाच्या फरकाने राहीने सुवर्णपदक जिंकले. आशियाई सामन्यांत नेमबाजीचे सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला होय. तीन सेकंदांत हात उचलून, माशी जुळवून, चाप अखंड दाबण्याची जी क्रिया तिने हजारो वेळा केली होती, तीच त्या क्षणी न बदलता करणे हे या यशाचे मर्म होते.

सुरक्षितता व कायदा : पिस्तुलाची नळी आखूड असल्याने ती नकळत बाजूला वळण्याचा धोका रायफलीपेक्षा अधिक असतो. म्हणून पिस्तूल नेहमी भरलेले आहे असे समजून वागावे. नळी सदैव लक्ष्याच्या दिशेने असावी. नेम धरीपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे आणि पंचाच्या आज्ञेवाचून ते हाताळू नये. कोऱ्या सरावापूर्वीही नळी व काडतूस-पेटी रिकामी असल्याची खात्री करून काडतुसे दुसऱ्या जागी ठेवावीत. कान व डोळे यांना संरक्षक साधने आवश्यक असतात. भारतात आग्न्यास्त्र पिस्तूल बाळगण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो. त्यामुळे बहुतेक नेमबाज मान्यताप्राप्त संस्थेच्या पट्ट्यावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व हवाई पिस्तुलापासूनच आरंभ करतात. दहा मीटरवर सुटलेली जुळणीतील चूक पुढे पन्नास मीटरवर पाचपट होऊन समोर येते. यामुळे हा आरंभ केवळ कायद्याच्या सोयीचा नसून तंत्राच्या दृष्टीनेही योग्य ठरतो.